मधल्या वेळात काय काय झालं

पोसादास या नदीकाठच्या शहराच्या बसस्टँडवर दोन्या हासिंताच्या (दोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'मावशी'सारखी मानाची हाक) टोपलीपाशी कुणी वासाने यायचं, कुणी भुकेने, तर कुणी नुसती बोलणी खायला. या तिसऱ्या जातीची गिऱ्हाइकंच तिच्याकडे वर्षानुवर्षं टिकली.

"ताजे आहेत का हो चिपा?" एखादा नवखा विचारायचा.

"छे, माझ्या लग्नातले उरलेत."

"लग्न कधी झालं तुमचं?"

"झालं असतं तर या उन्हात तुझ्याशी डोकं लावत उभी असते का? घे, आणि गाडी पकड."

पहाटे उठून ती मांदियोका कंदाच्या पिठात चीज, अंडी आणि चिमूटभर बडीशेप मळायची, कडी वळायची, परसातल्या मातीच्या भट्टीत भाजायची. ओबेऱ्याची पहिली बस लागायच्या आत टोपली डोक्यावर घेऊन चार नंबरच्या फलाटाच्या सावलीत हजर. टोपलीत तीन फडकी असत. वरच्या फडक्याखालचे चिपा कुणालाही मिळत. तळाचे, तिसऱ्या फडक्याखालचे, हात पोळतील असे असत आणि ते मागून मिळत नसत. कुणाला द्यायचे ते ती ठरवी, का ते सांगत नसे. स्टँडवरचा हमाल क्रेसेन्सियो बावीस वर्षं वरचेच खात आला होता.

"अगं, माझ्यात कमी काय आहे?" तो विचारी.

"कमी काही नाही. जीभ जरा जास्त आहे."

ही बाई कुणाची कोण, हे स्टँडवर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. नदीपलीकडच्या एका खेड्यातली. सात वर्षांची असताना आईने तिला तिकडच्याच शहरातल्या एका बऱ्या घरी दिलं. घरातलं काम करायचं, बदल्यात जेवण आणि शाळा, असा तिकडचा रिवाज. जेवण मिळालं. शाळा तीन महिने मिळाली. त्या घरच्या म्हाताऱ्या आजोबांना आकडी यायची, आणि त्यांच्यापाशी बसायचं काम नऊ वर्षांच्या हासिंताकडे होतं, कारण बाकी सगळ्यांना भीती वाटायची. ती अठरा वर्षांची झाल्यावर मालकीण म्हणाली, "आता तू मोठी झालीस, तुझं तू बघ." एक गाठोडं, दोन झगे. लाँचने नदी ओलांडून ती पोसादासला आली आणि तीन दिवस स्टँडच्या बाकावर बसून राहिली, कारण उठून कुठे जायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा त्या फलाटावर दोन्या रेमेदिओस चिपा विकायची. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बस चुकली का गं?"

"नाही."

"मग कुणाची वाट बघतेस?"

"कुणाचीच नाही."

"मग इकडे सरक, सावलीत बस. आणि हे फडकं धर."

त्या 'इकडे सरक'वर हासिंताचं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. रेमेदिओसने तिला पीठ मळायला शिकवलं, भट्टी लावायला शिकवलं, आणि फेरीवाल्यांचा पहिला धडाही दिला: फाइल घेऊन येणाऱ्या माणसाला काही सांगायचं नाही. स्वतःचं नाव नाही, दुसऱ्याचं तर नाहीच. "ओळखता का?" विचारलं की "नाही" म्हणायचं, मग समोर सख्खी बहीण उभी असली तरी. परवाना नाही म्हणून नगरपालिकेच्या माणसांनी दोनदा रेमेदिओसची टोपली उचलून नेली होती. दुधाने तोंड पोळलेली ती बाई ताकही फुंकून प्यायची.

म्हातारपणी रेमेदिओसची दृष्टी गेली. हासिंता संध्याकाळी घरी आली की ती खाटेवरून विचारायची, "आज काय काय हुकलं माझं?" मग हासिंता तिला सगळं सांगायची. कुठली बस उशिरा आली, कोण कुणाशी भांडलं, कुणाची पेटी फुटून आतून काय निघालं. रेमेदिओस गेली. त्याला आता बारा वर्षं झाली. पण दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी हासिंता गरम चिपा घेऊन दफनभूमीत जाते, दगडावर बसते आणि वर्षभरात काय काय हुकलं ते मोठ्याने सांगते. शेजारच्या थडग्यावरचे लोक आपलं रडणं थांबवून ऐकतात. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, ते हासिंताला विचारावं.

आता अरासेलीचं. ही पोर सहा वर्षांची असल्यापासून मुलींच्या आश्रमात. तिला आकडी यायची. दर गुरुवारी आश्रमातली एक बाई तिला इस्पितळात न्यायची आणि परतताना दोघी या स्टँडवर बस बदलायच्या. सोळा-सतरा वर्षांची, पाठीवर हिरवी पिशवी, नजर कायम जमिनीला. एका गुरुवारी ती चार नंबरच्या फलाटावर कोसळली.

क्षणात गर्दी झाली. एक म्हणाला हात धरा, दुसरा म्हणाला तोंडात चमचा घाला.

"तो चमचा तुझ्या तोंडात घाल, म्हणजे बडबड थांबेल!" हासिंता ओरडली. "व्हा मागे! तमाशा आहे का?" तिने पोरीला कुशीवर वळवलं, टोपलीतलं फडकं घडी करून डोक्याखाली दिलं आणि स्टँडच्या मोठ्या घड्याळाकडे बघत बसली.

अरासेलीने डोळे उघडले तेव्हा त्यांत शरम होती. पुढे काय होणार हे तिला पाठ होतं. दर वेळी लोक तिला सांगत, तू कशी पडलीस, कसा फेस आला, किती भयंकर दिसत होतीस.

हासिंता म्हणाली, "चार मिनिटं नव्हतीस. तेवढ्यात एल्दोरादोची बस सुटली. एक बाई नवऱ्याला विसरून आत चढली आणि नवरा मुतारीतून विजार सावरत बसमागे धावला. या क्रेसेन्सियोने एका पाद्र्याच्या पायावर पेटी टाकली, आणि पाद्री जे बोलला ते त्याला रविवारी स्वतःच कबूल करावं लागणार. कुत्र्याने माझा एक चिपा पळवला. बाकी विशेष काही नाही. घे." आणि तिने तिसऱ्या फडक्याखाली हात घातला.

पोर खायला लागली आणि खाता खाता हसली. हासिंताने चिपाचे पैसे मात्र घेतले. अरासेलीला तेही आवडलं.

मग गुरुवार ठरलेलाच झाला. आठवड्यात आश्रमात आकडी आली असेल तर ती येऊन सांगायची, "दोन्या, मंगळवारी दुपारी तीनला." हासिंता डोकं खाजवायची. "मंगळवारी तीनला... थांब. हां, लग्नाचं वऱ्हाड उतरलं होतं. नवरीच्या पायात बूट एक पांढरा, एक तपकिरी." खरं किती आणि पदरचं किती, देव जाणे. पण पोरीची गेलेली मिनिटं रिकामी राहत नसत.

आश्रमाचा नियम असा, की अठरा पूर्ण झाली की मुलीने निघायचं. बाकीच्या मुली दोघी-तिघी मिळून खोली घेत. सरकारकडून काही वर्षं महिन्याला थोडी रक्कम मिळे, आणि मुलीने स्वतः निवडलेलं एक वडीलधारं माणूस तिच्या पाठीशी असे. अरासेलीसारख्या आजारी मुलीसाठी नव्या कायद्यात आणखीही होतं: मदतीला वयाची अट नाही, औषधं, सकाळी घरी येणारी मदतनीस. पण ते वडीलधारं माणूस आधी पाहिजे. त्याने मुलीला घरात ठेवायचं नाही, पदरचं खर्चायचं नाही. फक्त न्यायाधीशासमोर म्हणायचं, हो, मी हिच्यासाठी आहे. असं माणूस नसेल तर अरासेलीसाठी शहरापासून दूर, आडबाजूला आजारी प्रौढांचा आश्रम होता, उंच भिंतीचा. तिथे गेलेलं कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. आश्रमाच्या संचालकबाईंनी तिला तिकडे पाठवायचा कागद तयार करून ठेवला होता. त्या दुष्ट नव्हत्या, त्यांच्याकडे आणखी वीस मुली होत्या.

अरासेलीला विचारलं, तुझं माणूस कोण? ती म्हणाली, दोन्या हासिंता, चार नंबर फलाट. त्या माणसाला आधी विचारायचं असतं, हे तिला सुचलंच नाही. आजवर तिला विचारून कुणी काही केलं नव्हतं.

एका सोमवारी दुपारी, सगळा गाव झोपलेला असताना, सिल्वाना नावाची समाजसेविका फाइल घेऊन फलाटावर आली. फाइल दिसताच हासिंताने शाल टोपलीवर टाकली आणि त्यावर कोपर टेकून बसली.

"मी सिल्वाना. आपण दोन्या हासिंता का?"

"मी बसची वाट बघतेय."

"कुठल्या बसची?"

"जी येईल तिची."

"इथे चिपा विकतात ना तुम्ही? वास येतोय."

"वास सगळ्या गावालाच येतो."

सिल्वाना बिचारी नवी होती, शिवाय घामाघूम. तिने फाइल उघडली. "बरं, अरासेली दुआर्ते नावाच्या मुलीला ओळखता?"

"नाही."

"दर गुरुवारी इथून जाते. हिरवी पिशवी..."

"अहो, स्टँड आहे हा. पिशवीवाले हजार जातात. मी कुणाला ओळखत नाही."

सिल्वानाने ते लिहून घेतलं आणि गेली. हासिंताने सुटकेचा श्वास सोडला, शाल काढली. क्रेसेन्सियो खांबाआडून आला.

"काय विचारत होती गं?"

"कुठली तरी दुआर्ते. फाइल दिसली की माझे कान बंद होतात, नीट ऐकलंय कुणी. नगरपालिकेची रीत माहीत आहे ना, गोड बोलून नावं काढतात."

"नगरपालिकेची माणसं पिवळं जाकीट घालतात, बये. ही पोरांच्या कचेरीतली आहे. गेल्याच महिन्यात माझ्या भाचीच्या वेळेला हीच आली होती." तो थांबला. "आणि हिरवी पिशवी म्हणाली ती, एवढं खांबाआड ऐकू आलं. ती तर आपली गुरुवारची पोर."

सिल्वाना गेली तिकडे हासिंताने मान उंच करून पाहिलं; रस्ता रिकामा होता. पण तिने स्वतःची समजूत घातली: विचारायचं असेल तर पुन्हा येतील. गुरुवारी पोरीलाच विचारू.

गुरुवारी अरासेली आली, पण सावलीत आली नाही. उन्हातच उभी राहून म्हणाली, "बाई, एक चिपा द्या. वरचा."

'दोन्या' नाही, 'बाई'. आणि वरचा. हासिंताचा हात फडक्यावर थांबला.

"हे काय गं नवीन?"

पोर खालच्या आवाजात, ओठ न हलवता बोलली. "घाबरू नका. मी त्यांना सांगितलंय, माझी चूक झाली, चेहऱ्यात गफलत झाली. आता कुणी फाइल घेऊन येणार नाही. तुमची टोपली नेणार नाहीत."

"कुणाला सांगितलंस? कशाबद्दल?"

मग अरासेलीने थोडक्यात सगळं सांगितलं. कायदा, वडीलधारं माणूस, आपण दिलेलं नाव.

"आणि आता तुझं काय?"

"सोमवारी न्यायाधीशबाईंपुढे जायचंय. मग मला तिकडे नेतील. तिथे बाग आहे म्हणे." तिने पैसे ठेवले, वरचा चिपा उचलला आणि आश्रमातल्या बाईमागे बसमध्ये चढली.

पोरीने आपलं अख्खं आयुष्य मागे घेतलं होतं, कुणाच्या तरी टोपलीला धक्का लागू नये म्हणून. आणि टोपलीवाली शालीवर कोपर टेकून बसची वाट बघत होती! हासिंताला स्वतःची इतकी लाज वाटली, की तिने उरलेले चिपा कुत्र्यांना घातले आणि घरी गेली.

सोमवारी ती टोपली घेऊन स्टँडवर आली आणि क्रेसेन्सियोसमोर ठेवली. "सांभाळ. वरचे वीक. तळाला हात लावलास तर बघ."

क्रेसेन्सियोने छातीवर क्रूसाची खूण केली. "टोपली माझ्याकडे? मरायला चाललीस की काय?"

"कोर्टात चाललेय."

"मग तेच ते."

कोर्टाच्या पायऱ्या ती कठड्याला धरून चढली. दारातल्या पहारेकऱ्याने अडवलं. "कुणाकडे?"

"अरासेलीकडे."

"आडनाव?"

सिल्वानाने सांगितलं होतं, क्रेसेन्सियोला हासिंताने स्वतःच सांगितलं होतं, पण ऐन वेळी आठवेना. पोरीला ओळखते असं सांगायला आलेली बाई, आणि आडनाव ठाऊक नाही!

"नातं काय तुमचं?"

"गुरुवारचं," ती म्हणाली.

पहारेकरी हसणार तेवढ्यात आतून सिल्वाना आली आणि थबकली. क्षणभर तिने हासिंताकडे नीट पाहिलं, मग काही न विचारता दार उघडून धरलं.

आत न्यायाधीशबाई, कारकून, संचालकबाई आणि टेबलाच्या टोकाला अरासेली. हिरवी पिशवी मांडीवर, डोळ्यांखाली काळं. रात्रभर झोपली नसावी.

"डॉक्टोरा, याच त्या बाई," सिल्वाना तिकडच्या रीतीने न्यायाधीशबाईंना मानाची हाक देत म्हणाली. "ओळखत नाही म्हणाल्या होत्या त्या."

अरासेली ताडकन उभी राहिली. "मी या बाईंना ओळखत नाही. मी आधीच सांगितलंय. यांना जाऊ द्या."

"तू गप्प बस गं," हासिंता म्हणाली आणि पुढे काही बोलणार, तोच तिला दिसलं, पोरीची बोटं झग्याच्या कॉलरशी चाळा करू लागली होती. ही खूण हासिंताला ठाऊक होती. टेबलाला वळसा घालून ती पोचली आणि पोर तिच्या हातांवरच कोसळली.

सगळे उठले. संचालकबाई पाणी म्हणाल्या, कारकून चमचा म्हणाला.

"चमच्याचं नाव काढू नका!" हासिंता जमिनीवर बसली होती, पोरीला कुशीवर घेऊन, आपली शाल तिच्या डोक्याखाली सरकवत. "डॉक्टोरा, ती खुर्ची बाजूला घ्या. तुम्हीच घ्या, कुणाची वाट बघता? आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेलं तर रुग्णवाहिका, तोवर कुणी काही करायचं नाही. सिल्वाना, ती फाइल इकडे कर. वारा घाल."

न्यायाधीशबाईंनी खुर्ची हलवली. सिल्वानाने वारा घातला. आणि हासिंता पोरीच्या पाठीवर हात ठेवून, वर न बघता, न्यायाधीशबाईंशी बोलत राहिली.

अरासेलीने डोळे उघडले तेव्हा तिला आधी छत दिसलं, मग सगळ्यांचे चेहरे, मग शेवटी हासिंता. जुन्या सवयीने ती पुटपुटली, "दोन्या... काय काय हुकलं?"

आपण काय बोललो ते कळताच तिने ओठ घट्ट मिटले. पण उशीर झाला होता.

"साडेतीन मिनिटं," हासिंता म्हणाली. "तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी स्वतःच्या हाताने खुर्ची उचलली. सिल्वानाने तुला तुझ्याच फाइलचा वारा घातला, त्यातला एक कागद उडून कपाटामागे गेला. तो बागेवाला असला तर बरं. पहारेकरी तुझ्यासाठी पाणी घेऊन आला आणि घाबरून स्वतःच पिऊन टाकलं." तिने पोरीच्या डोक्याखालची शाल नीट केली. "आणि मी त्यांना सांगितलं, की मी परवान्याशिवाय चिपा विकते. फाइलवाला दिसला की खोटं बोलते. आणि या पोरीला ओळखते. आडनाव विसरले, पण पोरीला ओळखते. कारकुनाने सगळं लिहून घेतलं."

"तुमची टोपली..."

"टोपलीला आग लागो."

न्यायाधीशबाई अजून उभ्याच होत्या. "परवाने माझ्या खात्यात येत नाहीत," त्या म्हणाल्या. मग अरासेलीकडे वळल्या. "पण निवड तुझी आहे. सावकाश सांग. तुझं माणूस कोण?"

अरासेलीने बोट केलं नाही, नाव घेतलं नाही. जमिनीवर पडल्या पडल्याच तिने हासिंताच्या झग्याचं टोक मुठीत धरलं. कारकुनाने विचारलं, हे कसं लिहू? न्यायाधीशबाई म्हणाल्या, जसं दिसतंय तसं लिहा.

आता अरासेली स्टँडपासून दोन गल्ल्या सोडून एका विधवा बाईंकडे खोली घेऊन राहते. सकाळी मदतनीस येते, औषधं वेळेवर मिळतात, महिन्याची रक्कम येते, आणि वय वाढलं म्हणून ती थांबणार नाही. शनिवारी हासिंता जाते, तिच्या हातचं जेवते आणि भाताला नावं ठेवते. आकड्या येतात अजून, पण कमी. कायदा करणाऱ्यांना हासिंता रोज प्रार्थनेत धरते. त्यांची नावं ठाऊक नाहीत, म्हणून "ते जे कोण असतील ते" म्हणते. आणि क्रेसेन्सियोला तिने एकदा सांगून टाकलं, "या पोरीने माझं नाव सरकारी कागदावर आपलं माणूस म्हणून लिहिलं. जन्मात कुणी लिहिलं नव्हतं. मी तिचे उपकार कसे फेडू?" क्रेसेन्सियोला त्या दिवशी तळाचा चिपा मिळाला.

यंदा मृतांच्या दिवशी दोघी दफनभूमीत गेल्या. तिकडचा नोव्हेंबर उन्हाळ्याचा, ऊन मी म्हणत होतं. हासिंता नेहमीच्या दगडावर बसली, फडक्यातून गरम चिपा काढून रेमेदिओसपुढे ठेवला आणि वर्षाची बातमी सांगायला तोंड उघडलं. दोनदा खाकरली, तिसऱ्यांदा डोळ्यांना शालीचं टोक लावलं. शेजारच्या थडग्यावरचे लोक ताटकळले.

मग अरासेलीच पुढे झाली. सावलीत सरकून हासिंताच्या शेजारी बसली.

"दोन्या रेमेदिओस, तुम्ही मला ओळखत नाही," ती म्हणाली. "मी अरासेली. तुम्ही एकदा एका पोरीला म्हणालात, इकडे सरक. त्यानंतर काय काय झालं, ते मी सांगते."